जिओपांडाजमध्ये नकाशा कोरा किंवा तुटका आला तर

पायथन भाषेतल्या जिओपांडाज या नकाशे काढण्याच्या साधनाने महाराष्ट्राचा जिल्हानिहाय नकाशा काढला, प्रोग्रॅम विनातक्रार चालला आणि पडद्यावर नुसती पांढरी चौकट आली, तर रंग बदलत बसू नका. दोष बहुधा डेटात असतो.

आधी प्रत्येक थराचे (जिल्ह्यांच्या हद्दी, शहरं असा एकेक डेटासंच) टोटल_बाउंड्स, म्हणजे त्याच्या चारही कडांचे आकडे, छापा. अंशांत मोजलं तर महाराष्ट्र साधारण ७२.६ ते ८०.९ पूर्व रेखांश आणि १५.६ ते २२ उत्तर अक्षांश यांत बसतो. एका थराचे आकडे असे आणि दुसऱ्याचे लाखांत असतील, तर दुसरा मीटरमध्ये आहे. टू_सीआरएस वापरून दोन्ही एकाच निर्देशांक प्रणालीत (सीआरएस) आणा. सेट_सीआरएस फक्त लेबल लावतं, आकडे बदलत नाही. प्रणालीची नोंद ठेवणारी पीआरजे फाइल हरवल्याने प्रणालीच नोंदलेली नसेल तेव्हाच ते वापरा.

शहरांचे ठिपके गायब असतील तर क्रम तपासा. रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलट दिलंत तर नागपूर थेट नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी जातं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: मधलाच एखादा जिल्हा रिकामा दिसणं. आकडा नसलेला जिल्हा जिओपांडाज रंगवतच नाही, म्हणून प्लॉटच्या मिसिंग_केडब्ल्यूडीएस या पर्यायात करडा रंग द्या, म्हणजे भोकं लगेच कळतात. कारण बहुतेक वेळा नावांत सापडतं. नकाशात अहिल्यानगर, आकड्यांच्या तक्त्यात अहमदनगर. इकडे धाराशिव, तिकडे उस्मानाबाद. कुठे नावामागे नुसती मोकळी जागा. शक्य तिथे नावाऐवजी जिल्ह्याच्या कोडवर जोडणी करा. पालघरचं प्रकरण वेगळं आहे. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या जनगणनेत ३५च जिल्हे आहेत. तिथे अंदाजाने आकडा भरणं म्हणजे वाचकाची फसवणूक. आकार एकत्र करणारं डिझॉल्व्ह वापरून पालघर परत ठाण्यात मिळवा, मगच रंगवा.

हद्दी एकमेकींत घुसल्यासारख्या किंवा चिरलेल्या दिसल्या तर आकार वैध आहे का हे सांगणारं इज_व्हॅलिड बघा आणि तो दुरुस्त करणारं मेक_व्हॅलिड चालवा.

राहिली मराठी नावं. अक्षरांऐवजी चौकोन आले तर नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट नेमून द्या. तरीही जिओपांडाज ज्याच्या आधारे चित्र काढतं त्या मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. असा नकाशा छापायला देऊ नका. मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये एसव्हीजी.फॉन्टटाइप 'नन' ठेवून (म्हणजे अक्षरं मजकूर म्हणूनच राहतात) एसव्हीजी फाइल काढा आणि ती इंकस्केप या चित्र-संपादकात उघडा. तिथे 'सिंधुदुर्ग' नीट जुळून येतं.