थायरॉइडची रक्ततपासणी: बॉर्डरलाइन रिपोर्ट आला की काय करायचं

आमच्याकडे थायरॉइड आजीपासून चालत आलाय. आई, मावशी, मी, सगळ्याच गोळीवर. त्यामुळे घरात कुणालाही टेस्ट करायची झाली की फोन मला येतो, आणि माझ्याआधी धण्याच्या पाण्याचा मेसेज येऊन गेलेला असतो.

टेस्ट कुणी करायची? सतत थकवा, कारण नसताना वाढलेलं वजन, केस गळणं, बद्धकोष्ठता, पाळीची गडबड, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणं, यातलं काही असेल तर करावीच. लक्षणं नसली तरी घरात कुणाला थायरॉइड असेल, स्वतःला टाइप 1 डायबेटिस असेल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल, तरी एकदा बघून घ्यावं. आपल्याकडे आठ शहरांत झालेली एक मोठी पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा प्रौढांमागे साधारण एकाला हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करणं, निघाला होता.

पहिल्या खेपेला फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, तपासलं तरी पुरतं. ‘फुल बॉडी’ पॅकेज गळ्यात मारलं तरी घेऊ नका. टीएसएच थायरॉइडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीतून येतं. टी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं मुख्य हार्मोन, किंचित घसरला तरी ते कितीतरी पटीने चढतं, म्हणून टी4 अजून रेंजमध्ये असतानाच सुरुवात पकडता येते.

रक्त सकाळीच द्या. टीएसएच रात्री-पहाटे जास्त असतं आणि दुपारी उतरतं. उपाशीपोटी जायची सक्ती नाही, पण एकदा उपाशी आणि एकदा पोहे खाऊन, असं करू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी रक्त, मग गोळी. मोठ्या तापातून किंवा हॉस्पिटलातून नुकतेच उठला असाल तर काही आठवडे जाऊ द्या, कारण आजारपणात आणि त्यानंतरही हे आकडे भरकटतात.

आणि केसांच्या गोळ्या! त्यात बायोटिन असतं. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी आणि टी4 खोटाच जास्त दिसतो, म्हणजे धडधाकट बाई कागदावर हायपरथायरॉइड, ग्रंथी जास्त काम करणारी. निदान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

आता खरी अडचण. रिपोर्ट आला, टीएसएच 6.8, शेजारी ठळक ‘एच’, रेंज साधारण 0.4 ते 4.5. माझ्या धाकट्या बहिणीचा अगदी असाच आला होता. संध्याकाळपर्यंत घरात ‘हिलाही निघाला’ असं होऊन कोबी-फ्लॉवर बंद झाले, आणि ओळखीच्या एकाने गोळीचं नावही सुचवलं. मला स्वतःला हे ‘ना इकडे ना तिकडे’ प्रकरण समजायला बराच काळ लागला, म्हणून स्पष्टच सांगते: 4.5 ते 10 मधल्या एकाच आकड्यावर गोळी सुरू करायला माझा ठाम विरोध आहे. यातले बरेच आकडे आपोआप खाली येतात. बहिणीचा पुढच्या खेपेला 3.9 आला, काहीही न करता.

करायचं इतकंच. दोन-तीन महिने थांबायचं. मग त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला टीएसएच पुन्हा, सोबत फ्री टी4 (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी4) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट). लॅब बदलली की मशीन बदलतं, रेंज बदलते, आणि दोन आकड्यांची तुलना फुकट जाते. काउंटरवर नुसतं ‘थायरॉइड प्रोफाइल’ म्हणालात तर बहुतेक वेळा टोटल टी3, टोटल टी4 हातात पडतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी टोटलचे आकडे फुगतात, म्हणून ‘फ्री’ हा शब्द तोंडाने उच्चारा आणि पावतीवर बघून घ्या.

टीएसएच पुन्हा वाढलेलं, पण फ्री टी4 ठीक, तर तो सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम, म्हणजे अजून पुरता न झालेला. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर शरीर स्वतःच ग्रंथीवर हल्ला करतंय, म्हणजे बहुधा हाशिमोटो. ब्रिटनमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत, टीएसएच वाढलेलं आणि अँटीबॉडीही पॉझिटिव्ह अशा शंभर बायकांपैकी दरवर्षी साधारण चौघी पुऱ्या हायपोथायरॉइड झाल्या. म्हणजे घाई नाही, पण वर्षाला टीएसएच चुकवायचं नाही. 10 च्या वर गेलं किंवा फ्री टी4 घसरला, तर मात्र डॉक्टर गोळी देतील आणि ती मुकाट्याने घ्यायची. सत्तरी ओलांडलेल्या आजीचं 6 आलं तर तो वयाचाच भाग असू शकतो.

गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की पुढची टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत केलेली टेस्ट म्हणजे पैसे वाया, कारण आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

हे थांबणं गरोदर बाईला लागू नाही. पहिल्या तिमाहीत टीएसएचची रेंज वेगळी असते आणि बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. पाळी चुकलेली असताना असा रिपोर्ट आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.