पाकाची साखर होत होती, ती अशी थांबली

सणासुदीला पाकातलं काही केलं की दुसऱ्या दिवशी भांड्याच्या तळाशी साखरेचे खडे जमायचे आणि वर पांढरा थर यायचा. चव बरी असायची, पण पाहुण्यांपुढे ठेवायला मन धजत नसे.

खरी गोम भांड्याच्या कडेला होती. पाक उकळताना कडेवर उडालेले थेंब वाळतात, त्यांचे बारीक कण होतात. त्यातला एक जरी परत पाकात पडला की त्याच्याभोवती साखर जमत जाते. म्हणून आता ओल्या ब्रशने कडा पुसत राहते, आणि साखर पूर्ण विरघळली की पाक अजिबात ढवळत नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं.

शिवाय 2 वाट्या साखर, 1 वाटी पाणी या प्रमाणाला अर्धा चमचा लिंबाचा रस घालते. आंबटपणामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते मध्ये आले की खडे सहजासहजी धरत नाहीत.

आधीच साखर झालेला पाकही टाकू नका. त्यात पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा, रस पिळा, पुन्हा एकतारी करा.