जोडीदार अमेरिकेत, फाईल ठाण्यात

अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा इमिग्रंट व्हिसा तीन दारं फिरून येतो. तिकडचा जोडीदार आधी यूएससीआयएसकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१३० हा नात्याचा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते आणि शेवटी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर एफ-टू-ए वर्गात नंबर लागतो आणि नंबर कुठवर आला ते सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघत बसावं लागतं. कागद मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच.

आय-१३० पडून असतो तेव्हा इकडच्या माणसाला वाटतं, आपल्या हातात काहीच नाही. खरं तर बरंच काम याच महिन्यांत उरकतं. जे कागद मिळायला वेळ खातात पण शिळे होत नाहीत ते आधी काढा: जन्मदाखला, विवाह नोंदणी, आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाच्या हुकुमाची प्रमाणित नक्कल. पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) आणि मेडिकल शिळे होतात, ते शेवटी. उत्साहाच्या भरात पीसीसी आधी काढून ठेवली की दुसऱ्यांदा रांग ठरलेलीच.

जन्मदाखल्याचा घोळ सगळ्यात मोठा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे आयुष्य नौपाड्यात गेलेलं असलं तरी दाखला आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असतो. ठाणे महापालिकेत चकरा मारून तो सापडणार नाही. मिळाला की नावाचा रकाना बघा. नोंद एकवीस दिवसांत करायची असते, बारसं मागेपुढे होतं, त्यामुळे जुन्या कित्येक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ आणि आई-वडिलांची नावं. असा दाखला वर पाठवू नका. त्याच निबंधक कार्यालयात नाव चढवून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांची ओळखपत्रं सोबत न्या. १ एप्रिल १९७० नंतर जन्मलेल्यांकडून महापालिका-पंचायतीचा दाखलाच अपेक्षित असतो. नोंदच नसेल तर आधी त्या कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या आणि मग उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. जन्मानंतर वर्ष उलटून गेल्यावर झालेल्या नोंदीला पूरक पुरावा मागतात, म्हणून शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं फाईलला जोडून ठेवा.

विवाह नोंदणी ठाण्यात प्रभाग समितीच्या आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात होते. नमुना ‘ड’वर वधू-वर, तीन साक्षीदार आणि गुरुजी, सगळ्यांच्या सह्या लागतात. गुरुजी कल्याणचे, साक्षीदारांतला एक मामा कोल्हापूरचा. जोडीदार परत उडायच्या आत हे सगळे एका दिवशी एका टेबलाशी यायला हवेत, तेव्हा लग्नाच्या आधीच सगळ्यांचा दिवस ठरवा. लग्नाची तारीख पत्रिकेवर, फोटोंवर आणि प्रमाणपत्रावर एकच आहे का हे खिडकीवरच तपासा. घरी आल्यावर सापडलेली चूक दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो.

आता नाव. आपलं नाव तीन शब्दांचं आणि मधला शब्द लग्नात बदलणारा. खरी गंमत इथे आहे. समजा पासपोर्टवर ‘स्नेहल दत्तात्रय शिंदे’. दहावीच्या प्रमाणपत्रावर दत्तात्रयच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी जादा ‘ए’, आधारवर लग्नानंतर ‘स्नेहल अमोल जाधव’, आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव कुणी हौसेने बँकेतही लावलेलं. कायद्याने लग्नानंतर नाव बदलावंच लागतं असं काही नाही. व्हिसा हातात येईपर्यंत कुठेच काही बदलू नका. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा मिळतो. बदल आधीच झाला असेल तर विवाह प्रमाणपत्र हा दोन नावांमधला दुवा. शिवाय डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘इतर नावं’ विचारतात तिथे प्रत्येक रूप लिहा. स्पेलिंगच्या फरकासाठी ‘एकच व्यक्ती’ असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करा. त्याचा स्टॅम्पपेपर ऑक्टोबर २०२४पासून शंभराऐवजी पाचशेचा झाला आहे. तांदळातलं नाव मात्र पहिलं नावच बदलतं. तिथे प्रतिज्ञापत्र पुरत नाही, राजपत्रात नाव छापून आणावं लागतं.

मराठी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्क्यातल्या मजकुरासकट. खाली भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करायची. ते नवरा-बायकोपैकी कुणी करू नये.

नात्याच्या पुराव्यात लोक अल्बमच्या अल्बम पाठवतात. वीस-पंचवीस फोटो पुरेत. साखरपुडा, लग्न, दोन्ही घरची माणसं, नंतरच्या भेटी, प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण. दोघांच्याच सेल्फींपेक्षा सासू-सासऱ्यांबरोबर पंगतीला बसलेला एक फोटो जास्त बोलतो. विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, पैसे पाठवल्याच्या नोंदी, विम्यात किंवा बँकेत नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव, आणि व्हॉट्सअ‍ॅपची दर एक-दोन महिन्यांतली एकेक पानं. सगळी गप्पागोष्टींची फाईल कुणी वाचत नाही.

एनव्हीसीला ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फिया भरल्या की डीएस-२६० उघडतो. वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते त्यात विचारतात, पुण्याच्या पीजीसकट. आजच वहीत उतरवून ठेवा. आर्थिक हमीचा आय-८६४ तिकडचा जोडीदार भरतो. उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवं, नाहीतर दुसरा हमीदार लागतो. कागद चढवताना मागे शिक्का किंवा मजकूर असेल तर ती बाजूही स्कॅन करा आणि अनेक पानांचा कागद एकाच फाईलमध्ये ठेवा. एनव्हीसीच्या पत्राला वर्षभर काहीच प्रतिसाद दिला नाही तर केस बंद होऊ शकते.

पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवर, फी ५०० रुपये. ठाण्याचं सेवा केंद्र वागळे इस्टेटला. पासपोर्टवर डोंबिवलीचं माहेर आणि राहणं घणसोलीला सासरी असेल तर प्रकरण लांबतं, कारण डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात आणि घणसोली नवी मुंबईच्या. अर्जात सध्याचा खरा पत्ता टाका आणि त्याचा पुरावा जवळ ठेवा. चौकशीला पोलीस आले आणि दार बंद दिसलं की प्रतिकूल शेरा बसू शकतो, म्हणून शेजारी आणि वॉचमन दोघांना सांगून ठेवा.

मेडिकल मुलाखतीची तारीख आल्यावरच, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड न्या. एक्स-रेमध्ये क्षयाची शंका आली तर थुंकीच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागतात, तेव्हा तिकीट आधी काढू नका.

मधले महिने कसे काढायचे? नोकरी सोडू नका. मेडिकल साधारण सहा महिने चालतं आणि व्हिसाची मुदत त्याच्याशी बांधलेली असते, म्हणजे व्हिसा छापून आल्यावर राजीनामा दिला तरी ऐरोलीतल्या कंपनीची तीन महिन्यांची नोटीस त्यात बसते. ‘तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये’ हा सल्ला सोसायटीत कुणीतरी देतंच. आय-१३० चालू असताना परत येण्याचा इरादा पटवणं कठीण जातं, आणि त्या अर्जात खोटं लिहिलं तर मूळ केसही बिघडते. केसचं स्टेटस आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बघा. न्यूयॉर्कशी उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. इकडे संध्याकाळी साडेसात वाजता तिकडे सकाळचे दहा किंवा नऊ, आणि फोनला हीच वेळ दोघांनाही झेपते. ‘व्हिसा आला का गं?’ला दोन्ही घरांनी एकच उत्तर ठरवून ठेवा: कागद गेलेत, तारीख आली की सांगू. तिथे पुढचा प्रश्न थांबतो.

मुलाखतीच्या दिवशी मोबाईल आत नेता येत नाही. सोबत आलेल्याकडे द्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, एनव्हीसीला पाठवले त्याच क्रमाने. पावसाळ्यात हार्बर लोकलच्या भरवशावर राहू नका, वाशीहून दोन तास आधी निघा. २२१-जीची, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवल्याची चिठ्ठी मिळाली तर बहुतेकदा एखादा कागद कमी असतो. चिठ्ठीवर नेमकं काय खूण केलंय ते काउंटर सोडण्याआधी वाचा.

पासपोर्ट परत आला की व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि वर्ग त्याच दिवशी तपासा. अमेरिकेत उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर नागरिकाच्या जोडीदाराचा वर्ग सीआर-१ असतो आणि ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती मुदतीची अट काढण्याचा आय-७५१ अर्ज भरायचा असतो, तेव्हा लग्नाचे फोटो आणि पावत्यांची ती फाईल इथे माळ्यावर न टाकता बॅगेत टाका.