सीबीसीचा आकडा बघायच्या आधी बल्बचं झाकण बघा

पावसाळा लागला की कोल्हापुरात घराघरात एकच विषय, पेशी किती झाल्या. (बरेच जण प्लेटलेटलाच पांढऱ्या पेशी म्हणतात, त्या वेगळ्या आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट वेगळ्या, हे पेशंटला समजावून सांगत जा.) मी राजारामपुरीत लॅबमध्ये काम करतो आणि नवीन आलेल्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी सांगतो की मशीनवर काय आलं ते नंतर, आधी रक्त कुठल्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त घ्यायच्या छोट्या नळीत, घेतलंय, किती घेतलंय आणि कधी घेतलंय ते बघा.

सीबीसीला, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीला, जांभळ्या झाकणाचा ईडीटीए बल्ब. ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, आणि पेशींचा आकारही बऱ्यापैकी तसाच राहतो. ईडीटीएचे दोन पोटॅशियम क्षार मिळतात: के-टू ईडीटीए बल्बच्या आतून कोरडं फवारलेलं असतं, के-थ्री बहुतेक करून पातळ असतं त्यामुळं रक्त किंचित पातळ होऊन आकडे एक-दोन टक्क्यांनी खाली येतात, मिळत असेल तर के-टूच घ्या. ईडीटीएचं प्रमाण 1 मिली रक्ताला साधारण 1.5 ते 2.2 मिलिग्रॅम, आणि हे प्रमाण जमतं ते बल्बवरच्या रेघेपर्यंत रक्त भरलं तरच. 2 मिलीच्या बल्बमध्ये अर्धाच मिली रक्त टाकलं तर ईडीटीए चौपट झालं ना, मग लाल पेशी आकसतात, बल्ब मशीनमध्ये फिरवून काढलेला पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) कमी येतो आणि प्लेटलेट फुगून फुटतात, त्यांचे तुकडेही मशीन प्लेटलेट म्हणून मोजतं. लहान बाळाचं रक्त कमीच निघणार, तिथं अर्ध्या मिलीचा बल्ब ठेवा.

रक्त घेतलं की लगेच 8 ते 10 वेळा बल्ब हळू उलटासुलटा करायचा, खळाखळा हलवायचा नाही. आणि बारीक जरी गाठ दिसली तरी ते सॅम्पल मशीनला लावायचं नाही, परत घ्यायचं, पेशंट कुरकुरला तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या पावसाळ्यात कागलकडच्या एक मावशी आल्या, दुसरीकडच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट 31,000, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यातून रक्त नाही, ताप उतरलेला, पण घरची माणसं घाबरून पपईच्या पानांचा रस पाजत होती आणि ॲडमिट करायच्या तयारीत होती. आमच्याकडंही ईडीटीएमध्ये 34,000 च आलं. मग स्लाईड केली, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरला, लेशमन रंगानं रंगवली आणि थराच्या शेपटाकडं बघितलं तर प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके, जांभळी खसखस चिकटून बसावी तसे. काही माणसांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की ईडीटीए भेटलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, हजारात साधारण एखाद्याला हे होतं, शरीरात त्याचा काही त्रास नसतो, फक्त बल्बमध्ये होतं. मशीन तो पुंजका एक प्लेटलेट म्हणून मोजत नाही, सोडून देतं, नाहीतर पांढऱ्या पेशीत धरतं आणि मग डब्ल्यूबीसी पण खोटी वाढते.

असं दिसलं की निळ्या झाकणाच्या सायट्रेट बल्बमध्ये रक्त घ्यायचं, बरोबर रेघेपर्यंत, आणि लगेच मशीनला लावायचं. त्यात 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेटचं पाणी असतं, म्हणून आलेल्या प्लेटलेटला 1.1 नं गुणायचं. मावशींचं 1,82,000 आलं, गुणून 2 लाखाच्या वर. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार), एमसीएचसी (लाल पेशीतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) यांना मात्र गुणायचं नाही, पाण्यानं पेशींची संख्या कमी होते, एकेका पेशीचा आकार त्या हिशोबानं बदलत नाही. कधीकधी सायट्रेटमध्येही पुंजके होतात, तेव्हा बोटाला टोचून थेट स्लाईड करा, मायक्रोस्कोपच्या ऑइल लेन्सखाली 10 फील्डमधल्या (एका वेळी दिसणारा गोल म्हणजे एक फील्ड) प्लेटलेटची सरासरी काढून 15,000 नं गुणा, अंदाज मिळतो.

हिरव्या झाकणाचं हेपरिन सीबीसीला नको, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट चिकटतात आणि स्लाईडला निळसर छटा येते. राखाडी शुगरचा, त्यातल्या ऑक्सलेटनं लाल पेशी आकसतात. एका बल्बमधलं रक्त दुसऱ्यात ओतायचं तर अजिबातच नाही, ईडीटीएमधला थोडा अंश प्लेन (ईडीटीए वगैरे नसलेल्या) बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं पडतं आणि डॉक्टर उगाच पोटॅशियमच्या मागं लागतात. म्हणून घेताना आधी निळा, मग प्लेन, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी राखाडी.

चंदगड-आजऱ्याकडून एसटीनं सॅम्पल येतात त्यांची गोष्ट वेगळी. हिमोग्लोबिन टिकतं, पण ईडीटीएमध्ये रक्त तासन्तास पडलं की लाल पेशी फुगतात, एमसीव्ही वाढतो, पांढऱ्या पेशींचे केंद्रक बिघडतात. म्हणून तिथल्या पोरांनी बल्बवर घेतल्याची वेळ लिहायची आणि दोन तासांच्या आत स्लाईड तिथंच करून, वाळवून, बल्बबरोबर पाठवायची.

पुंजके सापडले तर रिपोर्टवर स्पष्ट लिहा, "ईडीटीएमध्ये प्लेटलेट चिकटतात, सायट्रेटमध्ये मोजले", आणि पेशंटला सांगा की पुढं कुठंही रक्त द्यायला गेला की हा कागद आधी दाखवायचा. मावशींनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधारकार्डाजवळ ठेवलाय.