‘कुक’ म्हणजे फक्त स्वयंपाक नाही! वाक्यात आलं की नेमका अर्थ कसा पकडायचा

कुक म्हणजे स्वयंपाक करणे, हे आपण प्राथमिक शाळेतच शिकतो आणि मग त्या शब्दाकडे परत बघत नाही. पण आता रील्सखाली, मॅच चालू असताना, गेम खेळताना पोरं सारखं कुकिंग, कुक्ड असं लिहितात, स्वयंपाकाचा त्यात काही संबंध नसतो, आणि त्याच क्रियापदाने कौतुकही करतात आणि वाट लागली हेही सांगतात. यादी पाठ करत बसू नका, वाक्य कसं बांधलंय ते बघायची सवय लावा, बहुतेक वेळा अर्थ तिथेच सापडतो.

सगळ्यात आधी बघायचं की शिजवतंय कोण आणि शिजतंय कोण. आपल्याकडे ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आई भात शिजवते आणि भात शिजतो. इंग्रजीत दोन्हीला कुकच, ‘मॉम इज कुकिंग’ आणि ‘द राइस इज कुकिंग’ पण. स्लँग सगळं यावरच उभं आहे. माणूस शिजवणारा असेल तर ते कौतुक असतं, ‘ही इज कुकिंग’ म्हणजे गडी फुल फॉर्मात आहे, जमवतोय. आणि माणूसच शिजला असेल तर खेळ खलास, उद्या पेपर आहे आणि पुस्तक उघडलेलंच नाही, ‘आय अ‍ॅम कुक्ड’. हे आजच्या पोरांनी काढलं असं वाटतं, पण अमक्याचा ‘गूज इज कुक्ड’ म्हणजे तो आता संपला, हे इंग्रजीत एकोणिसाव्या शतकापासून आहे. आणि कुकच्या पुढे दुसरा माणूस कर्म म्हणून आला, ‘ही कुक्ड हिम’, तर त्याने समोरच्याला पार धुतलं, बास्केटबॉलमध्ये हे सर्रास ऐकू येतं.

‘लेट हिम कुक’ वेगळं लक्षात ठेवा कारण ते सगळ्यात जास्त दिसतं. अर्थ असा की मध्ये तोंड घालू नका, त्याच्या डोक्यात काहीतरी आहे, करू द्या त्याला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा रॅपर लिल बी याच्यामुळे 2010 च्या आसपास हे कुकिंग पसरलं, मग 2020 च्या सीझनला सिअ‍ॅटल सीहॉक्स या अमेरिकन फुटबॉल टीमचे फॅन्स ‘लेट रस कुक’ म्हणायला लागले, म्हणजे आमच्या क्वार्टरबॅकला, पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला, रसेल विल्सनला मोकळेपणाने पास टाकू द्या. आता कोणी मीटिंगमध्ये विचित्र आयडिया सांगायला लागला तरी मित्र हेच म्हणतात.

आता खरी काळजी घ्यायची जागा, आणि इथे मी जरा आग्रहाने सांगणार. कुकच्या पुढे आकडे, हिशोब, रिपोर्ट, डेटा यातलं काही आलं की अर्थ एकदम फिरतो. ‘कुक द बुक्स’ म्हणजे हिशोबात गडबड करणे, खोटे आकडे दाखवणे. हा अर्थ शेकडो वर्षं जुना आहे आणि तो स्लँग म्हणून हसण्यावारी जात नाही. इंग्लंडचा गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने 1830 मध्ये विज्ञानातल्या फसवणुकीचे प्रकार सांगितले त्यात एकाचं नावच कुकिंग होतं, म्हणजे ढीगभर निरीक्षणं घ्यायची आणि आपल्याला हवी तेवढीच जुळणारी निवडून दाखवायची. त्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये उत्साहाने ‘आय कुक्ड द नंबर्स’ असं चुकूनही लिहू नका, तुम्हाला म्हणायचं असेल मस्त काम केलं पण वाचणाऱ्याला ती कबुली वाटेल.

‘कुक अप’ दिसलं तर पुढचा शब्द बघा, जेवण असेल तर पटकन काहीतरी बनवणे आणि स्टोरी किंवा एक्सक्यूज असेल तर रचून सांगणे. बुद्धिबळाच्या कोड्यांमध्येही कुक आहे, कोडं बनवणाऱ्याच्या लक्षात न आलेलं दुसरं उत्तर निघालं की ते कोडं कुक्ड.

देशही बघावा लागतो. ऑस्ट्रेलियात कुक्ड म्हणजे थकून गळून गेलेला किंवा डोकं ठिकाणावर नसलेला, आणि कोविडच्या काळापासून तिथे कुकर म्हणजे कटकारस्थानाच्या थिअऱ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस, हा अपमान आहे. इंग्लंडमध्ये घर भाड्याने बघताना कुकर लिहिलेलं असेल तर ती शेगडी असते, खाली ओव्हनसकट, आपला शिट्टीवाला नाही. आणि स्वयंपाक करणारा माणूस कुकच, कुकर नाही.

डिक्शनरी उघडली की फक्त पहिला अर्थ वाचून बंद करू नका, अर्थाच्या आधी बारीक अक्षरात इन्फॉर्मल, स्लँग, डेटेड, ऑस्ट्रेलियन असं काहीतरी लिहिलेलं असतं, खरी माहिती त्यात आहे. केंब्रिज आणि मेरियम-वेब्स्टर दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. एकदम नवीन वापर तिथे नाही मिळाला तर अर्बन डिक्शनरी बघा, पण 1999 पासून चाललेल्या त्या साइटवर कोणीही अर्थ लिहू शकतो, म्हणून एकावर विसंबू नका, चार-पाच वाचा आणि मग खऱ्या वाक्यात तो बसतो का ते तपासा.

मराठी डोक्याला दोन ठिकाणी खास जपावं लागतं. ‘काय शिजतंय?’ यात आपल्याला संशय असतो, कोणीतरी गुपचूप काहीतरी करतंय, पण ‘व्हॉट्स कुकिंग?’ म्हणजे नुसतं काय चाललंय, आणि तेही आता जुनाट वाटतं. दुसरं म्हणजे मुंबईचं पकवणे. ‘पकवू नको यार’चं ‘डोन्ट कुक मी’ केलं तर समोरच्याला वाटेल की तुम्ही म्हणताय मला धुऊ नको, त्याऐवजी सरळ ‘यू आर बोरिंग मी’ म्हणा.