ढगाळ हवेत फोटोत नदीसुरय पक्षी काळा येत होता, तो प्रश्न असा सुटला

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल जलाशयावर मार्चमध्ये वळिवाचं आभाळ दाटलं की उडत्या नदीसुरयाचा फोटो नुसती काळी सावली येई. पिवळी चोच, काळी टोपी काही ओळखू येत नसे. शेकाट्या या पाणपक्ष्याचे गुलाबी पायही मळकट.

स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणं) केलं, तर पक्षी हलला की उजेड बदलायचा. फ्लॅश तिथवर पोचतच नाही. घरी संगणकावर उजळलं तर फोटोभर दाणेच दाणे. वैताग आला होता.

कारण साधं आहे: कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजळ आभाळाला मध्यम करडं करतो, त्यात पक्षी काळवंडतो.

जमलं ते या क्रमाने. आधी रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जपणारी फाइल). मग मॅन्युअल मोड, अॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र लेन्सचं सगळ्यात मोठं (माझं एफ ६.३), शटर उडत्या पक्ष्याला १/१६०० सेकंद, उभ्याला १/५००. आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ऑटो, कमाल मर्यादा ६४००. शेवटी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायचा आकडा) +१.३. एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहायचा. आभाळ पांढरंफट्ट झालं तरी चालेल, पक्ष्याचे पांढरे भाग जळता, म्हणजे बारकावे जाऊन कोरे होता कामा नयेत.

काही कॅमेऱ्यांत मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तिथे अॅपर्चर प्रायॉरिटी (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) लावून ऑटो आयएसओमध्ये किमान शटर ठरवा.

काळ्या पाण्यापुढे पांढरा बगळा आला तर कॉम्पेन्सेशनचा हाच आकडा उलटा, -०.७ ला न्यायचा. नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो.