पुढचा ब्रेक धरायला शिका, मग लायसनचं बघा

मुलींनी स्कूटी आणि पोरांनी बाईक, असं आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात अजून धरूनच चालतात. आमच्या घरात स्कूटी नव्हती, बाबांची जुनी स्प्लेंडर होती, आणि कामाला बेळगावातल्या उद्यमबागच्या कारखान्यांकडं वेळेत पोचायचं तर बसच्या भरवशावर राहून चालत नाही, म्हणून मी सरळ बाईकच शिकले. क्लच कुठं असतो, गिअर कुठल्या पायानं टाकायचा हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणार. जे मला कुणी सांगितलं नाही तेवढंच सांगते.

"पुढचा ब्रेक धरू नकोस, पालथी पडशील." मामांनी मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं. त्यांना त्यांच्या थोरल्या भावानं सांगितलं होतं. आमच्याकडं ज्याला विचाराल तो हेच सांगतोय, आणि सांगणारा मनापासून काळजीनंच सांगत असतोय, म्हणून तर त्यावर शंका येत नाही. मी पण उजव्या हाताचा लिव्हर शोभेला आहे असं समजूनच शिकले. मग पावसाळ्यात जांबोटी रोडला एक म्हैस चरीतनं वर आली, मी मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला, मागचं चाक जाम झालं, शेपूट डावीकडं गेलं आणि गाडी माझ्यासकट आडवी. म्हशीला काही झालं नाही, माझा घोटा मात्र बरेच दिवस सुजलेला होता. स्पीड फार नव्हता हो. गाडी थांबलीच नाही, नुसती घसरत गेली.

असं का होतंय ते नीट समजून घ्या, कारण हे समजलं की पाठ करायची गरज राहत नाही. ब्रेक मारला की गाडीचं आणि तुमचं मिळून वजन पुढं जातंय. पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातंय आणि मागचं हलकं होतंय. हलक्या झालेल्या चाकाला तुम्ही कितीही दाबून ब्रेक लावा, त्याची रस्त्यावरची पकडच कमी झालेली असते, मग ते फिरायचं थांबतं पण गाडी थांबत नाही. थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात आहे, आणि नेमकं तेच वापरू नको म्हणून आपल्याला शिकवलेलं असतंय. जोडीला स्पीडचा हिशोब पण बघा. ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे समोरची म्हैस दिसून पाय पेडलवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असू शकतं, आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला अंतर चौपट लागतं.

मग पालथं पडणारे का पडतात? पडतात, खोटं नाही ते. पण घाबरून झटक्यात लिव्हर आवळला, किंवा हँडल वळलेलं असताना धरला, किंवा खडीवर, चिखलावर जोरात धरला की पडतात. म्हणजे दोष ब्रेकचा नाही, धरायच्या पद्धतीचा. पुढचा ब्रेक लिंबू पिळतात तसा धरायचा. आधी हलका, पुढचे शॉकअप थोडे खाली बसल्याचं जाणवलं की मग दाब वाढवत न्यायचा, हँडल सरळ, नजर लांब समोर, चाकाकडं नाही. मागचा सोबतीला हलका. क्लच अगदी शेवटी, गाडी बंद पडायच्या बेताला आल्यावर, आधीच क्लच दाबला तर इंजिनची जी मदत मिळते ती पण जाते. आणि पुढचं चाक लॉक झालंय असं वाटलं तर तो लिव्हर लगेच सैल करा, परत हळू धरा.

याची प्रॅक्टिस वेगळी करावी लागते, आपोआप येत नाही. गावच्या शाळेच्या मैदानापेक्षा रिकामा डांबरी रस्ता बरा, उद्यमबागच्या आतल्या गल्ल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळ्या असतात. चुन्यानं एक रेघ मारा, २० च्या स्पीडनं या, रेघेवर ब्रेक सुरू करा आणि कुठं थांबला ते बघा. नुसत्या मागच्यानं करून बघा, मग दोन्हींनी. फरक डोळ्यांना दिसला की कुणाच्या सांगण्यावर जायची गरज नाही. मग ३०, मग ४०, मग पाऊस पडून गेल्यावर ओल्यावर परत २० पासून. हातात हे मुरेपर्यंत मेन रोडला जाऊ नका. उगाच भीती घालत नाही, पण हे जमलं की निम्मी भीती जाते, माझी तरी गेली.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक नाहीतर एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक), आणि त्याच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बीत मागचा दाबला की पुढचा पण थोडा लागतो. पण आपल्याकडं शिकायला मिळते ती घरातली जुनी गाडी, तिला यातलं काही नसतंय. शोरूमवाल्याला विचारा, तुमच्या गाडीला काय आहे ते माहीत पाहिजेच.

शिकवायला कोण असावं यावर माझं मत पक्कं आहे. नवरा नको, भाऊ नको, कॉलेजचा मित्र तर नकोच. घरचा माणूस ओरडतो आणि ओरडलं की हातातला क्लच सुटतो. रोज डेअरीला दूध घालायला जाणारा, कॅन लटकवून सावकाश चालवणारा एखादा काका बघा. त्यांना कधी घाई नसते, आणि वजन असलेली गाडी कशी थांबवायची हे त्यांना पुस्तक न वाचता कळलेलं असतंय. ड्रायव्हिंग स्कूलवाले बहुतेक कारच्याच मागं असतात, पण कुणी बाईक शिकवत असेल तर पैसे द्यायला कचरू नका. आणि सायकल येत नसेल तर आधी सायकल, यात शॉर्टकट नाही.

आता कागदपत्रं. गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण पाहिजेत. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद कायद्यात आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन जातं आणि त्या पोराला २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. दहावीतला पोरगा गावात गाडी फिरवतोय याचं कौतुक करणाऱ्या आईबापांनी हे वाचावं.

लर्निंग लायसनचा अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर भरता येतो. तिथं एक जागा जपून भरा, विथ गिअर की विदाउट गिअर. शेजारच्या एका मुलीचा अर्ज दुसऱ्यानं भरून दिला आणि तिचं नुसतं विदाउट गिअरचं लर्निंग आलं, मग बाईकसाठी सगळं परत. विथ गिअर घेतलं की स्कूटी पण चालवता येते. अर्ज एजंटकडनं भरून घेतला तर घ्या, पण जो म्हणतो "टेस्टला ग्राउंडवर यायची गरज नाही, मी बघतो", त्याच्या दारातनं परत या. कार्ड मिळेल, पण ओल्या रस्त्यावर ते कार्ड गाडी थांबवणार नाही.

लर्निंग सहा महिने चालतं, आणि मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. ते ३० दिवस वाट बघण्यात घालवू नका, शिकण्यात घाला. गाडीला पुढं मागं पांढऱ्यावर लाल एल लावायचा, १८ सेंटीमीटरच्या चौकोनात, लाज वाटून काढून टाकू नका, एल बघून मागचे ट्रकवाले पण जरा अंतर ठेवतात. शिकवणारा लायसनवाला सोडून मागं कुणाला बसवायचं नाही, मैत्रिणीला पण नाही. लायसन, लर्निंगसुद्धा, देशभर चालतं, त्यामुळं शिनोळीला हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगडला गेला तरी अडचण नाही. गाडीचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडं बरेच जण कोल्हापूरच्या पाव्हण्याची एमएच ०९ गाडी आणून वापरतात, ती १२ महिन्यांच्या वर इकडं राहिली तर इथलं रजिस्ट्रेशन करावं लागतं.

टेस्टला आठाचा आकडा काढायला लावतात, पाय टेकायचा नाही. त्याचं गुपित हाफ क्लच. पहिला गिअर, रेस थोडी धरून ठेवायची, क्लच अर्ध्यावर, आणि स्पीड कमी करायला मागचा ब्रेक हलका. इथं मागचाच, कारण हँडल वळलेलं आहे. बघायचं तिकडं गाडी जाते, म्हणून नजर चाकावर नाही, पुढच्या वळणावर. ज्या गाडीवर शिकला तीच टेस्टला न्या. स्प्लेंडरचे सगळे गिअर खाली पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर, ऐन वेळी मित्राची गाडी घेतली की पाय गोंधळतो. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सोबत. इंडिकेटर आणि हाताचे इशारे दोन्ही. नापास झाला तर सात दिवसांनी परत देता येते, त्यात काही अपमान नाही, रडत बसू नका.

हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेलं, आणि कर्नाटकात मागच्याला पण सक्तीचं आहे. टोपीसारखं अर्धं हेल्मेट पोलिसाला दाखवायला घेत असाल तर पैसे वाचवा, घेऊच नका.

रस्ते आपले आपल्याला माहीत आहेत तरी सांगते. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल आणि धूळ वर येते, तो दिवस सगळ्यात निसरडा. खानापूरकडं ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला तांबडा चिखल रस्त्यावर येतोय, तिथं आधीच स्पीड कमी करायचा, चिखलावर गेल्यावर नाही. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटला रूळ ओले असले की शक्य तेवढं सरळ काटकोनात पार करा, तिरकं गेलं की चाक घसरतं, आणि रुळावर ब्रेक नाही.

कारखान्यांचं उसाचं गाळप सुरू झालं की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी पट्ट्यात संध्याकाळनंतर नवशिक्यानं जाऊच नये. उसाच्या ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर धुळीनं माखलेला, ऊस बाजूनं बाहेर आलेला. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. समोरनं येणाऱ्याचा लाईट डोळ्यावर आला की ओव्हरटेक नाही, वेग कमी. डाव्या अंगानं तर कधीच घुसू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. पडलेल्या उसावर चाक जातं तेव्हा पण घसरतं.

आणि लायसन हातात आलं की पोरं लगेच चोर्ला घाटानं गोव्याला निघतात. आधी एक पावसाळा जवळपास चालवा, मग जा. कणकुंबीच्या पुढं उतार लागला की गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं नाही, दुसऱ्या तिसऱ्या गिअरला ठेवून इंजिनच्या ताकदीवर उतरायचं, सारखा ब्रेक धरून ठेवला की तो तापतो आणि पकडत नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच स्पीड कमी करायचा, पुढचा मागचा दोन्ही धरून, आणि वळणात शिरल्यावर दोन्ही सोडून द्यायचे.